उंदरांना कसलं आलंय गिफ्ट?

उंबरठा

सध्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्राउनश्वाइगला आल्या आहेत. जर्मन येत नाही, पण इंग्रजी अक्षरं लावता येतात आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची जुनी सवय आहे. ट्राममध्ये लोक वळून बघतात.

परवा कपडे धुवायला दोघी तळघरात गेलो. जिन्याखाली काळ्या प्लास्टिकची चपटी पेटी होती आणि वर इमारतीच्या केअरटेकरने चिकटवलेला पिवळा कागद: "फोरझिश्ट! राटनगिफ्ट!" सासूबाई थांबल्या, चष्मा कपाळावर घेतला.

"राट म्हणजे उंदीरच ना गं?"
"हो."
"मग उंदरांना कसलं आलंय गिफ्ट?"

मी सांगितलं की जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. त्यांना पटेना. "मग वाढदिवसाला काय देतात?" म्हटलं, गेशेंक. "आणि विषाला गिफ्ट! ज्याने नाव ठेवलं त्याला नणंद असणार." (त्यांची नणंद म्हणजे माझी आत्तेसासू. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

त्यांच्यापुढे हसले, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या बहिणी. मग एकीची भेट दुसरीचं विष कशी झाली? की नुसता योगायोग, आपल्या 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स यासारखा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाकीच्यांनी गंमत टाकली तरी चालेल.

तिखटजाळ

सासूबाईंना आमच्यातर्फे साष्टांग. त्यांचाच आयडी काढून द्या.

गोटीसोडा

म्हणजे ऑफिसच्या सीक्रेट सँटामध्ये मला दरवर्षी जे मिळतं ते जर्मन गिफ्ट असतं तर.

शब्दवेडा

उंबरठाताई, योगायोग नाही. शब्द एकच, घराणंही एकच.

मुळात हे 'देणे' या क्रियापदाचं नाम. इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबन. या भाषांत क्रियापदाच्या शेवटाला 'त' लागून नाम करायची जुनी रीत आहे. ड्राइव्हचं ड्रिफ्ट, थ्राइव्हचं थ्रिफ्ट. जर्मनमध्ये श्राइबन म्हणजे लिहिणे आणि श्रिफ्ट म्हणजे लिपी. तसंच गेबनचं गिफ्ट. म्हणजे गिफ्ट = देणं. इथवर विषाचा मागमूस नाही.

विष शिरलं ते वैद्यांच्या दाराने. ग्रीकमध्ये 'देणे' म्हणजे दिदोमि आणि त्याचं नाम दोसिस. एका वेळी रोग्याला औषध किती द्यायचं त्या मापाला ग्रीक वैद्य दोसिस म्हणू लागले. लॅटिनमध्ये तो शब्द तसाच गेला आणि जर्मन भाषकांनी त्याचं भाषांतर केलं: दोसिस म्हणजे देणं, आपल्याकडे देण्याला काय म्हणतात, तर गिफ्ट. झालं. गिफ्ट म्हणजे औषधाची मात्रा. मात्रेवरून 'त्याला काहीतरी दिलं' आणि तिथून थेट विष.

काही काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. 'दी गिफ्ट' स्त्रीलिंगी, म्हणजे देणगी. 'दास गिफ्ट' नपुंसकलिंगी, म्हणजे विष. पुढे विषाने देणगीला घराबाहेर काढलं. आज तिची एकच खूण उरली आहे, 'मिटगिफ्ट': मुलीबरोबर द्यायचं ते. म्हणजे हुंडा. आणि तो शब्द अजूनही स्त्रीलिंगीच चालतो.

बाय द वे, तुमचं 'कर'चं उदाहरण. तिथेही 'राजाने हात पुढे करून घ्यायचं ते' असं मला नेहमी वाटतं, पण ते माझं वाटणं. :)

पायरीचाआंबा

हुंडा आणि विष एकाच शब्दात! जर्मनांना साष्टांग. आम्हाला इतकं नेमकं कधी जमलं नाही.

उत्तरध्रुव

जर्मनीवर थांबू नका, वर या. मी चार वर्षं योटेबोरीला होतो (नकाशावर गोथेनबर्ग). स्वीडिशमध्ये गिफ्ट म्हणजे विष आणि गिफ्ट म्हणजे विवाहित. स्पेलिंग एक, उच्चारही एक: 'यिफ्ट', कारण तिथे इ-कारापुढे ग-चा य होतो.

पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म भरायला दिला. रकाना: गिफ्ट, ओगिफ्ट. मी जर्मन थोडं शिकून गेलेलो, त्यामुळे मला वाटलं की विषबाधेचा काही पूर्वेतिहास विचारतायत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, "मला कसलीच ॲलर्जी नाही, काय लिहू?" त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बायको आहे का?" म्हटलं, आहे. "मग गिफ्ट."

उंदराच्या विषाला तिथे 'रॉटयिफ्ट' म्हणतात. याचा दुसरा अर्थ तुमचा तुम्ही लावा. यावरचा विनोद स्वीडिश माणूस पहिल्या भेटीतच सांगतो आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगतो.

नॉर्वे-डेन्मार्कातही हेच दोन अर्थ. फक्त डॅनिश लोक ग-चा ग-च ठेवतात.

तिखटजाळ

ओगिफ्ट = अजून विष न घेतलेला. ह. ह. पु. वा. (हसून हसून पुरेवाट.)

सासुरवाशीण_नं१

विनोद ठीक आहेत, पण दरवेळी बायकोच विष का? तो रकाना बायकासुद्धा भरतात.

उत्तरध्रुव

मान्य, ताई. उलट मूळ अर्थ बघितला तर तक्रार बायकांनीच करायला हवी. गिफ्ट हे 'दिलेली' या अर्थाचं रूप आहे. बापाने मुलगी दिली, ती झाली गिफ्ट. नंतर नवऱ्यालाही तोच शब्द लागू झाला.

आपण वेगळं काय बोलतो? "धाकटी कुठे दिली?" "साताऱ्याला दिली." माझी आजी आयुष्यभर असंच बोलली, जणू बँकेत ठेव ठेवली आहे.

शब्दवेडा

उत्तरध्रुव, अगदी बरोबर. आणि इंग्रजीसुद्धा या लग्नमंडपातूनच आलेली आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'यिफ्ट' असाच उच्चारत आणि त्याचा अर्थ वधूसाठी मोजायचं मोल. अनेकवचन केलं की अर्थ 'लग्न'. आजचा कडक ग-वाला गिफ्ट हा व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेला पाहुणा आहे. गिव्हचा ग-ही त्यांचाच. नाहीतर इंग्रज आज 'यिव्ह मी अ यिफ्ट' म्हणाले असते.

गोटीसोडा

ग वरून आठवलं. जीआयएफ चित्रांचा उच्चार गिफ की जिफ? १९८७ साली तो प्रकार काढणारे स्टीव्ह विल्हाइट 'जिफ'च म्हणा असं सांगत राहिले. २०१३ मध्ये पुरस्कार घेतानासुद्धा पडद्यावर तेवढंच दाखवलं. जगाने ऐकलं नाही. गिफवाल्यांचा युक्तिवाद काय, तर 'गिफ्टमधला ग'. आता कळतंय की तो ग-च उसना आहे!

डच्चू

नेदरलँड्समधून हजेरी (आयडी त्यामुळेच). डच लोकांनी जास्त शहाणपणा केला. विषाला 'गिफ' किंवा 'फरगिफ', देणगीला 'गिफ्ट'. शेपटीच्या एका त-वर माणसाचा जीव अवलंबून. पण विशेषण करताना घोळ घातलाच: 'गिफ्टिग' म्हणजे विषारी. दरवर्षी इन्कमटॅक्स भरताना 'गिफ्टन' असा रकाना येतो, धर्मादाय देणग्यांची वजावट. सुरुवातीला घाबरत घाबरत शून्य लिहायचो.

आणि गोटीसोडा, डच माणसासाठी तुझं गिफ म्हणजे विषच. उच्चारही खाकरल्यासारखा, 'खिफ'. व्हॉट्सॲपवर सकाळी सातला येणारी गुलाबाची फुलं बघता मला डच अर्थ जास्त पटतो.

शब्दवेडा, एका मुद्द्यावर मात्र असहमत. तुम्ही सगळं श्रेय ग्रीक वैद्यांना देताय. मला वाटतं विषाचं नाव घ्यायचं नाही म्हणून लोकांनी 'दिलेलं' हा आडपडदा घेतला. त्याला ग्रीक पोथी कशाला लागते? गावातला कुठलाही माणूस हे करेल.

मूळशोध

इतकी लांबची वाट कशाला? संस्कृत 'गुप्त'. विष गुप्तपणे देतात, भेटवस्तूही कागदात गुप्त ठेवतात. गुप्त, गुफ्त, गिफ्ट. पाश्चात्त्य पंडित हे मान्य करणार नाहीत, कारण करायचं नाही.

तिखटजाळ

आला आला, ज्याची वाट बघत होतो तो प्रतिसाद आला. पॉपकॉर्न घ्या रे.

शब्दवेडा

मूळशोध, कल्पना देखणी आहे, पण ध्वनी जुळत नाहीत. याकोब ग्रिमने (परीकथावाला तोच) १८२२ मध्ये ध्वनिबदलाचे नियम मांडले. संस्कृतचा ग (कधी ज) जर्मॅनिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात, क होतो: गौ आणि काउ, जानु आणि नी (स्पेलिंगमधला मुका क आठवा). त्यामुळे गुप्तचा भाऊ इंग्रजीत सापडलाच तर तो क-ने सुरू होईल. गिफ्टचा ग हा जुन्या 'घ'चा आहे.

रिकाम्या हाताने पाठवत नाही. काही कोशकार गेबनच्या मूळ धातूशी संस्कृत 'गभस्ति' जोडतात. सूर्यकिरण हा अर्थ आपल्याला माहीत असतो, पण त्याचा जुना अर्थ हात. हाताने घ्यायचं, हाताने द्यायचं.

गंमत म्हणजे लॅटिन हाबेरे (जवळ असणे) आणि जर्मन हाबेन दिसतात जुळे, अर्थही एकच, पण नातं नाही. उलट हाबेरेचं नातं गेबनशी लावतात. चेहऱ्यावरून नाती ठरवू नयेत ती यासाठी.

डच्चू, तुमच्या मुद्द्यावर येतो. ग्रीक पोथीचा पुरावा आहे, पण तुमचं मानसशास्त्रही चूक नाही. पोथीतला अर्थ टिकला, कारण तो लोकांच्या सोयीचा होता.

मूळशोध

गभस्ति. ठीक आहे. म्हणजे शेवटी संस्कृतच.

शब्दवेडा

बहीण, आई नव्हे. पण तुम्ही ऐकणार नाही.

काळीमाती

मी शेतकरी माणूस, भाषा वगैरे समजत नाही. पण डच्चूंचं वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे जर्मनांना हसताय, आपण विषाला काय म्हणतो? औषध.

उंदराचं औषध. ढेकणाचं औषध. "दादा कुठंय?" "कपाशीवर औषध मारायला गेलाय." दुकानात डब्यावर चौकट असते, खालच्या अर्ध्यात लाल त्रिकोण, वरच्या अर्ध्यात कवटी आणि विष म्हणून छापलेलं. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "मावा आलाय, औषध द्या." दुकानदार म्हणतो, "पंपाला किती टाकायचं माहितीये ना?" विष द्या असं मी माझ्या पन्नास वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि पहाटे कुणाच्या घरून रडणं आलं आणि 'औषध घेतलं' एवढंच कानावर पडलं, तर डॉक्टरचं औषध असं कुणालाच वाटत नाही. हात आपोआप गाडीची चावी शोधायला लागतो.

डच्चू

काळीमाती, नमस्कार घ्या. मला जे दोन परिच्छेदांत सांगता आलं नाही ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत.

पायरीचाआंबा

हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या सिंकखाली आत्ता 'झुरळाचं औषध' आहे. जसं काही झुरळाला खोकला झालाय.

खलबत्ता

काळीमाती यांनी मुद्द्याचं बोललंय. वैद्यकी करतो, म्हणून माझी भर.

चरकात सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे: "योगादपि विषं तीक्ष्णमुत्तमं भेषजं भवेत् । भेषजं चापि दुर्युक्तं तीक्ष्णं सम्पद्यते विषम् ॥" नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधच जहाल विष होतं. वत्सनाभ म्हणजे बचनाग गोमूत्रात शुद्ध करून आजही औषधात वापरतात. काजऱ्याच्या बियांचं तसंच. कायद्यात अशा द्रव्यांची वेगळी यादी आहे, शेड्यूल ई(१), आणि ती असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्या अशी सूचना छापावी लागते.

युरोपात हेच पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने १५३८ मध्ये जर्मन भाषेत लिहिलं. सगळ्याच वस्तू विष आहेत, केवळ डोस ठरवतो की एखादी वस्तू विष नाही. मूळ वाक्यात दोन शब्द आहेत, 'दोसिस' आणि 'गिफ्ट'. हे वाक्य मी कॉलेजपासून शंभर वेळा वाचलंय. पण दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'देणं' आहे हे आज या धाग्यावर कळलं.

आजीचीसहाण

डोस म्हटल्यावर मला बाळगुटी आठवली. आमच्या आजीकडे ग्रॅम-मिलिग्रॅम नव्हते, वेढे होते. सहाणेवर आईच्या दुधाचे दोन थेंब. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हिरड्याचे दोन, मुरुडशेंगेचा एक. मोठ्याने मोजायची. जायफळ आलं की आवाज बदलायचा: "अर्धा. अर्धाच." माझ्या मावशीने एकदा बाळ रडतंय म्हणून जायफळाचे तीन वेढे दिले. बाळ संध्याकाळपर्यंत उठेना, तोंडावर पाणी शिंपडून झालं. आजी काही बोलली नाही. डब्यातून जायफळ काढून घेतलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. पुढे जायफळ फक्त तिच्या हातून.

(हल्लीचे डॉक्टर गुटी देऊ नका म्हणतात. मी दिली नाही. कोणी वाद घालू नये.)

थंडगार

आजीची पिशवी म्हणजे जर्मन फार्मसीतला 'गिफ्टश्रांक', विषाचं कुलूपबंद कपाट. पूर्वी ग्रंथालयांतही वाचकांना न द्यायच्या पुस्तकांच्या कपाटाला हेच म्हणत.

माझी गोष्ट थोडी घाबरवणारी आहे. लेक तीन वर्षांची असताना पार्कातल्या कुंपणाची लाल फळं खाल्ली. आयबं नावाचं झाड, इंग्रजीत यू. इथे प्रत्येक पालकाकडे 'गिफ्टनोटरुफ'चा नंबर असतो, विषबाधेसाठी चोवीस तास. फोन लावला. शेजारी बायको रडत होती. नुकतीच भारतातून आलेली. मी तीनदा 'गिफ्ट, गिफ्ट' म्हणाल्यावर ओरडली, "पोरगी काय खाऊन बसलीय आणि तू गिफ्ट कसलं मागतोस!"

पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. फळ किती? बी चावली की गिळली? वजन किती? लाल गर विषारी नसतो, बी असते आणि तीही चावली तर, हे तेव्हा कळलं. लेकीने बिया थुंकल्या होत्या, आम्हाला त्या जॅकेटच्या खिशात सापडल्या. पाच. ओळीने मांडून मोजल्या. आज लेक आठवीत आहे.

मांडवी

पणजीहून. सगळे उत्तरेकडेच चाललेत म्हणून दक्षिण युरोपचं सांगतो. तिथेही विषाला सरळ नाव नाही.

फ्रेंच पॉइझन, ज्यावरून इंग्रजी पॉयझन, हा लॅटिन 'पोतिओ'पासून. पोतिओ म्हणजे पेय, पिण्याची वस्तू. स्पॅनिश 'पोन्सोन्या' आणि पोर्तुगीज 'पेसोन्या' त्याच घरातले. धातू आपल्या 'पा'चा भाऊ, पान म्हणजे पिणे. 'वेनेनुम' हा दुसरा लॅटिन शब्द. त्यावरून इटालियन वेलेनो, स्पॅनिश वेनेनो. त्याचं नातं प्रेमदेवता व्हीनसशी लावतात, म्हणजे आधी वशीकरणाचा काढा, मग विष. म्हणजे जर्मन म्हणतात 'दिलं', फ्रेंच म्हणतात 'पाजलं', काळीमाती म्हणतात 'औषध'.

हुंड्याचंही सांगायलाच हवं. गोव्यात क्रिस्तांव घरांत हुंड्याला 'दोत' म्हणतात, पोर्तुगीज 'दोते' वरून. ते लॅटिन 'दारे', म्हणजे देणे, यावरून. संस्कृत 'दा'चा भाऊ, ग्रीक दोसिसचाही. म्हणजे डोस, दोत आणि कन्यादान एकाच गोत्रातले. मूळशोध, हे तुमच्यासाठी.

मूळशोध

धन्यवाद. मी हेच म्हणत होतो.

गोटीसोडा

तुम्ही 'गुप्त' म्हणत होतात.

मांडवी

आणखी एक. आपलं 'विष' आणि लॅटिन 'वीरुस' सख्खे. वीरुस म्हणजे मुळात विषारी स्राव. व्हायरसला मराठीत 'विषाणू' म्हणायचं ज्याला सुचलं त्याने नकळत भावांची गळाभेट घडवली.

अथेन्सचा_वडापाव

ग्रीसमध्ये आज 'दोसी' म्हणजे औषधाचा डोसही आणि कर्जाचा हप्ताही. घराच्या दोन्ही दोस्या वेळेवर घ्याव्या आणि द्याव्या लागतात. 'फार्माकॉन' तर प्राचीन काळापासूनच औषधही आणि विषही. काळीमाती ग्रीकांना लगेच समजले असते.

अवांतर: ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय. पहिल्या महिन्यात भाजीवाल्याशी माझं जे झालं ते नंतर कधीतरी.

काळाकोट

कोर्टात हुंड्याच्या केसेस बघतो, म्हणून. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यातही हा शब्दांचा खेळ आहेच. हुंडा घेणं-देणं गुन्हा. पण मागणी न करता दिलेल्या भेटवस्तू त्यातून वगळलेल्या, मात्र त्यांची यादी करायची अशी अट आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे यादी लेखी हवी, सही हवी, वस्तूची अंदाजे किंमत हवी. माझ्या सतरा वर्षांत अशी नीट केलेली यादी मी दोनदा पाहिली. बाकी सगळीकडे साक्षीदार सांगतो, "साहेब, खुशीने दिलं." गिफ्ट की मिटगिफ्ट, हे ठरवण्यात आमची पोटं भरतात.

सासुरवाशीण_नं१

"खुशीने दिलं." हो. माझ्या बाबांच्या खुशीचा हप्ता सहा वर्षं चालला होता.

शब्दवेडा

काळाकोट, १९६१ वरून सुचलं. ग्रिम बंधूंच्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड आला १८५४ मध्ये. ते दोघे पुढे वारले, पण काम थांबलं नाही, आणि कोश पुरा झाला १९६१ मध्ये. योगायोगच, त्यातून काही निघत नाही. पण कोश पुरा व्हायला शंभरावर वर्षं लागली हे इथल्या 'लिंक द्या'वाल्यांनी लक्षात ठेवावं.

पायरीचाआंबा

मराठीतल्या भेटींना तरी कुठे भरवसा आहे? 'आहेर' म्हणजे लग्नातली भेट, पण 'घरचा आहेर' मिळाला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. 'प्रसाद' देवळात मिळाला तर गोड, शाळेत मिळाला तर पाठीवर वळ. 'डोस' पाजायला लागले की समजावं उपदेश सुरू झालाय. आणि एखाद्यावर कुणाची 'मात्रा' चालत नाही ती वेगळीच.

उत्तरध्रुव

पायरीचाआंबा, टाळ्या! मग जर्मॅनिक भाषांत विषाला आधी शब्द नव्हता का, असा प्रश्न पडला. होता. स्वीडिशमध्ये सापाच्या विषाला अजून 'एटर' म्हणतात. आइसलँडमध्ये तर विष म्हणजे 'एइतुर' एवढंच, आणि 'गिफ्तुर' म्हणजे फक्त विवाहित. लग्न आणि विष वेगळे ठेवणारी ही या घराण्यातली शहाणी.

थंडगार

त्या 'एटर'चा जर्मन भाऊ 'आइटर'. त्याचा आजचा अर्थ पू, जखमेतला. जागा गेली की शब्दाचीही अशी दशा होते.

उंबरठा

बापरे, दोन दिवस आले नाही तर धागा कुठल्या कुठे! सगळ्यांना धन्यवाद. सासूबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं. काळीमातींच्या प्रतिसादावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपण तरी काय, ढेकणाला औषधच घालायचो की." आजीचीसहाण यांच्या वेढ्यांमध्ये दोन चुका काढल्या आहेत, त्या इथे लिहीत नाही.

आता पुढचं ऐका. समोरच्या घरात फ्राऊ के. राहतात, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. सासूबाईंनी काल बेसनाचे लाडू वळले आणि मी कामावर असताना डबा त्यांच्याकडे पोचवला. डब्यावर तुळशीबागेतून आणलेला चकचकीत सोनेरी स्टिकर लावून. स्टिकरवर एकच शब्द, मोठ्या अक्षरांत. कोणता ते सांगायला नको.

"अहो आई, परवाच तर सांगितलं होतं ना!" तर म्हणे, "ते उंदरांचं. माणसांना थोडंच लागू आहे?"

तिखटजाळ

पोलीस आले का?

गोटीसोडा

फ्राऊ के. हयात आहेत का, एवढंच सांगा. मग पुढचं वाचतो.

खलबत्ता

बेसनाच्या लाडवाचा डोस किती दिला, त्यावर आहे.

उंबरठा

हयात आहेत, ठणठणीत आहेत. आज सकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ के., हातात आमचाच स्टीलचा डबा, घासूनपुसून. रिकामा परत करायचा नाही हे त्यांना कोणी शिकवलं देव जाणे. आत घरी केलेल्या आलुबुखाराच्या जॅमची बाटली. झाकणावर त्यांनी थरथरत्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, "काइन गिफ्ट!", आणि शेजारी हसरा चेहरा. मला बघून डोळे मिचकावले. लाडू चार खाल्ले म्हणाल्या.

मी आत येऊन सासूबाईंना चिठ्ठीचा अर्थ विचारला, बघू तरी किती जर्मन आलंय. त्यांनी काइनचा अर्थ 'नाही' हे बरोबर सांगितलं. मग बाटली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या,

"गिफ्ट नाही म्हणते? मग काय उसनं दिलंय का?"